पापलेटला अधिक महिना कळत नाही

मे सरत आला की कोकणच्या बंदरांवर एकच लगबग असते. उधाणाची भरती साधून होड्या खाडीत आत घ्यायच्या, इंजिन उघडून ठेवायचं, जाळी धुऊन वाळवून माळ्यावर टाकायची, होडीवर झाप नाहीतर ताडपत्री आवळायची. घराघरांत आगोटीची बेगमी चाललेली असते, सुके बांगडे, सोडे, बोंबील डब्यांत भरले जात असतात. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मग जुलै उतरणीला लागला की दरसाल तोच वाद उठतो. आपला दर्या नारळी पौर्णिमेला शांत होतो, नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही ही बापजाद्यांची रीत, तर सरकारनं मध्येच ही 31 जुलै कुठून काढली? बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत करा.

या मागणीचे दोन तुकडे आहेत आणि ते नेहमी एकत्र बोलले जातात. बंदी लांबवा, हा पहिला. त्यात तथ्य आहे. 31 जुलैला वारा पडलेला नसतो, खाडीच्या तोंडावर लाटा फुटत असतात, आणि पहिल्या दहा दिवसांत जाळ्यात येणारा मासा बोटभर लांबीचा असतो. दुसरा तुकडा, बंदी तिथीला बांधा. तो चुकीचा आहे. का चुकीचा, हे कळायला 29 फेब्रुवारी कशासाठी असतो तिथपासून सुरुवात करावी लागते.

आधी आकडे पाहू. नारळी पौर्णिमा 2020 साली 3 ऑगस्टला होती. 2021 साली 22 ऑगस्टला, 2022 साली 11 ऑगस्टला, 2023 साली 30 ऑगस्टला, 2024 साली 19 ऑगस्टला. पौर्णिमा दोन दिवसांत विभागली की एखाद्या दिवसाचं मागेपुढे होतं, ते सोडून देऊ. 2025 साली ती ऑगस्टच्या 8-9 ला आली, 2026 साली 27-28 ला. आता बंदी 1 जूनला सुरू करून पौर्णिमेपर्यंत मोजा. 2020 साली 64 दिवस भरतात आणि 2023 साली 91. तोच किनारा, तोच पाऊस, तेच मासे, आणि 27 दिवसांचा फरक. एका वर्षी मच्छीमाराच्या घरात जवळजवळ अख्खा महिना जास्त चूल थंड, आणि तो महिना माशांच्या विणीसाठी नाही, केवळ पंचांगाच्या जुळवाजुळवीसाठी. पापलेटच्या गाबोळीला अधिक महिना कळत नाही.

ही जुळवाजुळव होते कशाची? पृथ्वीला ऋतूंचं एक चक्र पुरं करायला 365 दिवस, 5 तास, 48 मिनिटं आणि सुमारे 45 सेकंद लागतात. चंद्राला अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी 29 दिवस, 12 तास, 44 मिनिटं. या तीन मापांत, म्हणजे दिवस, चांद्रमास आणि सौरवर्षात, एकही दुसऱ्याला पुरा भाग जात नाही. जगातल्या सगळ्या पंचांगांचं दुखणं एवढंच आहे. बाकी सगळे उपचार.

दिवस आणि सौरवर्ष यांचा मेळ घालणारा उपचार म्हणजे लीप वर्ष. वरचे 5 तास 48 मिनिटं दरसाल बाजूला पडत जातात आणि चार वर्षांनी 23 तास 15 मिनिटं साठतात. त्यांचा एक दिवस करून फेब्रुवारीला चिकटवायचा. तो न चिकटवला तर काय होईल, याचा हिशेब बंदरावरच करून पाहू. आपलं राष्ट्रीय सौर पंचांग 22 मार्च 1957 ला सुरू झालं. त्या दिवसापासून कुणी 29 फेब्रुवारी पाळलाच नसता, तर 1960 ते 2024 मधले 17 लीप दिवस गळाले असते आणि दिनदर्शिका सूर्याच्या 17 दिवस पुढे धावली असती. आज जो दिवस आपण 15 मे म्हणतो त्याला 1 जून म्हटलं असतं. नियम शब्दशः पाळून, शिक्कामोर्तब होऊन, बंदी उठली असती तो दिवस खरा 14 जुलै. कोकणात सगळ्यात जास्त पाऊस पडतो तो जुलैतच. कागदावरची तारीख बदलली नसती, दर्या मात्र बदलला असता. लीप दिवस असतो तो तारखेला ऋतूशी दावणीनं बांधून ठेवायला.

ज्यूलियस सीझरनं केलेली दर चार वर्षांची सरळ व्यवस्था इथेच किंचित फसली. 23 तास 15 मिनिटांसाठी आपण 24 तास देतो, म्हणजे दर चार वर्षांनी 45 मिनिटं जास्त. ऐकायला क्षुल्लक, पण 128 वर्षांत त्याचा एक दिवस होतो. 1582 पर्यंत दहा दिवस चुकले होते. पोप तेराव्या ग्रेगरीनं 4 ऑक्टोबरनंतर एकदम 15 ऑक्टोबर घेतला आणि शतकवर्षांपैकी फक्त 400 ने भाग जाणारीच लीप धरायचं ठरवलं. म्हणून 1900 लीप नव्हतं, 2000 होतं, 2100 नसेल. आता उरलेली चूक वर्षाला सुमारे 27 सेकंदांची, म्हणजे साधारण 3200 वर्षांत एक दिवस. मासेमारीच्या कामाला ती पुरून उरते.

ही दुरुस्ती सगळ्यांनी एका दिवशी स्वीकारली नाही आणि त्याची गंमत याच किनाऱ्यावर पाहायला मिळते. पोर्तुगीजांनी नवी मोजणी लगेच घेतली, इंग्रजांनी 1752 पर्यंत घेतली नाही. रायगडावरचा राज्याभिषेक आपण 6 जून 1674 चा म्हणतो, ती तारीख जुन्या मोजणीची आहे; मुंबईहून आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन तीच मोजणी वापरत होता. त्याच दिवशी चौलच्या पोर्तुगीज ठाण्यात 16 जून लिहिला जात होता. आणि गडावर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. काही कोसांच्या अंतरात एका दिवसाला तीन नावं. आज रायगडावर तारखेनं आणि तिथीनं असे दोन सोहळे होतात, त्यात कुणाचं खरं यावर हिरिरीनं वाद होतात. सूर्याला विचाराल तर तो आजच्या दिनदर्शिकेतल्या 16 जूनकडे बोट दाखवील, आणि त्या दिवशी बहुधा दोन्हीपैकी कुणाचाच सोहळा गडावर नसतो. पण सोहळ्याचं काय, तो ज्या दिवशी करावा त्या दिवशी साजरा होतो. सोहळ्याची तारीख चुकली म्हणून कुणाची होडी बुडत नाही.

आता चंद्राकडे. बारा चांद्रमासांचे 354 दिवस आणि साधारण 9 तास होतात, म्हणजे चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा जवळजवळ 11 दिवसांनी आखूड. नारळी पौर्णिमा 2021 नंतर 2022 ला 11 दिवस अलीकडे सरकली ती यामुळे. ही घसरण तशीच चालू द्यायची की थांबवायची, हा निवडीचा प्रश्न आहे, निसर्गनियमाचा नाही. हिजरी पंचांगानं ती चालू दिली आहे. कोकणी मुसलमानांच्या घरात रमजान कधी थंडीत येतो, कधी ऐन पावसात, आणि सुमारे 33 वर्षांत ऋतूंची एक फेरी पुरी करतो. 2030 मध्ये तो जानेवारीत सुरू होईल आणि पुन्हा डिसेंबरात. त्यात कुणाचं काही अडत नाही, कारण रोजा ऋतूशी बांधलेलाच नाही. ज्या पंचांगाला ऋतू सांभाळायचा नाही त्याला लीप लागत नाही.

आपल्या पंचांगाला ऋतू सांभाळायचा होता. श्रावण पावसाळ्यातच यायला हवा, म्हणून अधिक मास आला, साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एकदा. 29 फेब्रुवारी आणि पुरुषोत्तम मास ही एकाच कामावरची दोन माणसं आहेत. जावयाला अनारसे खाऊ घालताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही, पण धोंड्याचा महिना म्हणजे आपलं लीप वर्षच. नियमही सुरेख आहे. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो ती संक्रांत. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक. 2023 चा श्रावण घ्या. कर्कसंक्रांत 17 जुलैला पहाटे झाली, अमावास्या त्याच रात्री संपली आणि नवा महिना लागला. तो महिना 16 ऑगस्टला दुपारी संपला, सिंहसंक्रांत झाली 17 ऑगस्टला दुपारी. दोन संक्रांतींच्या मध्ये अख्खा चांद्रमास अलगद बसला, शेवटी एक दिवसही शिल्लक नव्हता. म्हणून तो अधिक, आणि नारळी पौर्णिमा एक महिना पुढे, 30 ऑगस्टला. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते, सूर्य राशीतून सावकाश सरकतो, दोन संक्रांतींमध्ये 31 दिवसांहून जास्त जातात. म्हणून अधिक मास बहुतेक वेळा चैत्र ते आश्विन या महिन्यांतच येतात, आणि त्यातले श्रावणापर्यंतचे सगळे नारळी पौर्णिमेला त्याच वर्षी धक्का देतात.

माझा मुद्दा इथे येऊन टेकतो. अधिक मास ही अडाण्यांची सोय नाही. 19 वर्षांत सात अधिक मास घातले की चंद्र आणि सूर्य दोन तासांच्या फरकानं जुळतात. 2001 साली नारळी पौर्णिमा 4 ऑगस्टला होती, 19 वर्षांनी 2020 साली 3 ऑगस्टला. इतकं काटेकोर गणित दुर्बीण नसताना बसवलेलं आहे. पण लीप वर्षात आपण चूक साठू देतो ती एका दिवसाची, आणि अधिक मासात साठू देतो ती एका महिन्याची. दोन्ही पट्ट्या खऱ्या. एकीवर दिवसाच्या खुणा आहेत, दुसरीवर महिन्याच्या. सण महिन्याच्या खुणेवर बसतो. बंदी 31 जुलैपर्यंत 61 दिवस ठेवायची की 15 ऑगस्टपर्यंत 76, हा हिशेब महिन्याच्या खुणांच्या पट्टीनं मोजायचा नसतो.

तिथीच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, आमच्या पूर्वजांनी शेकडो वर्षं याच पट्टीनं मोजलं, तेव्हा मासा संपला नाही. खरं आहे. पण तेव्हा शिडाची होडी होती. वारा, करंट आणि लाट बघून तांडेल ठरवायचा आणि पौर्णिमा गेली तरी दर्या खवळलेला असला तर होडी वाळूवरच राहायची. पौर्णिमा ही खालची मर्यादा होती, याच्या आधी नाही, एवढंच ती सांगायची. शिवाय तिला फसवायला कुणाकडे शेकडो अश्वशक्तीचं इंजिन नव्हतं. आज नियमाला तेवढी मोकळीक देता येत नाही. नियमात दिवस लागतो, कारण त्या दिवसाआधी पकडलेली होडी जप्त होते आणि त्या दिवसानंतरची होत नाही.

याचा प्रयोग आपल्याकडे होऊनही गेला आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत महाराष्ट्राची बंदी 10 जूनला सुरू व्हायची आणि 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यातलं जे आधी येईल तेव्हा संपायची. शब्द नीट वाचा. ‘जे आधी येईल’. पौर्णिमेचा वापर तिथं बंदी कमी करण्यासाठीच होता, वाढवण्यासाठी कधीच नाही. पौर्णिमा 30 ऑगस्टला आली तर बंदी 15 ला उठणार, पौर्णिमा 3 ऑगस्टला आली तर 3 ला. रीत सांगते आधी जाऊ नका. नियमानं तिचा अर्थ लावला लवकर गेलात तरी चालेल. परंपरेच्या नावानं परंपरेच्या उलट. आणि तरी त्या नियमाची आठवण हळहळीनं काढली जाते.

याहून मोठी अडचण दुसरीच आहे. कोणाची नारळी पौर्णिमा? रत्नागिरी जिल्ह्यात आणि आजूबाजूला टिळक पंचांग मानणारी घरं आहेत. राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा, म्हणजे अयनांश किती मानायचे, यात टिळक पंचांग आणि इतर पंचांगं यांच्यात जवळजवळ चार अंशांचा फरक आहे. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांगातल्या संक्रांती सुमारे चार दिवस आधी येतात. एरवी या फरकाचा कुणाला पत्ता लागत नाही, तिथ्या सारख्याच असतात. पण 2023 चा तो चांद्रमास आठवा, ज्यात शेवटी एक दिवसही शिल्लक नव्हता. टिळक पंचांगात सिंहसंक्रांत 17 ऑगस्टऐवजी 13 च्या सुमारास, म्हणजे त्या महिन्याच्या पोटातच पडली. महिना अधिक राहिला नाही, साधा श्रावण झाला. परिणाम असा की एकाच वाडीत काही घरांत गणपती 20 ऑगस्टला बसले आणि शेजारच्या घरांत 19 सप्टेंबरला. नारळी पौर्णिमा एकांची 1 ऑगस्टला, दुसऱ्यांची 30 ला. बंदी पौर्णिमेपर्यंत असती, तर 2 ऑगस्टला होडी लोटणारा मच्छीमार पंचांग हातात घेऊन अधिकाऱ्यापुढे उभा राहिला असता, आणि त्याचं गणित चुकलेलं नसतं. कोर्टात सिद्ध काय करायचं, अयनांश?

त्यात 12 सागरी मैलांच्या पलीकडची बंदी केंद्राची आहे आणि ती गुजरातपासून केरळपर्यंत सगळ्या पश्चिम किनाऱ्याला लागते. केरळात कोल्लम पंचांगाचे महिनेच सौर आहेत. तिथल्या तांडेलाला श्रावणातली पौर्णिमा म्हणजे काय हे समजावून सांगायचं आणि मग त्या वर्षी अधिक आहे हेही. मासे काही राज्याची हद्द बघून थांबत नाहीत.

मग चंद्राला बंदरातून हद्दपार करायचं का? मुळीच नाही. ज्या कामाला चंद्रच मालक आहे तिथं सरकारी यंत्रणा त्याला विचारत नाही, ही माझी उलट तक्रार आहे. भरतीची वेळ काढायचा कोकणातला ठोकताळा शाळकरी मुलालाही येतो, तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. मुळात 24 तासांना 30 तिथींनी भागलं तर 48 मिनिटं येतात. तोंडी हिशेबाला 45 बरी पडतात म्हणून पाऊण. प्रत्येक तिथीला तीन मिनिटं कमी पडत पडत पंधराव्या तिथीला पाऊण तास चुकतो, आणि मग प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, चूक पुसली जाते. सीझरच्या दिनदर्शिकेत हेच घडायला हवं होतं, घडलं नाही. या ठोकताळ्यावर खाडीच्या आत जावं तशी भरती उशिरानं पोचते, बंदराबंदरात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, तो जुने लोक अंगवळणी पडलेला म्हणून बोलतही नाहीत. वेळेइतकीच उंची महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाची भरती चढतही नाही आणि ओहोटी उतरतही नाही.

हे 31 जुलैशी कुठं भिडतं ते पाहा. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचतो. मोठा ट्रॉलर त्यावरून बाहेर काढायचा तर उधाणाची भरती लागते. भांगात काढायला गेलात तर कणा वाळूत घासतो, पंखा अडकतो, आणि पुढची लाट होडी आडवी करते. 1 ऑगस्ट 2025 ला श्रावण शुद्ध अष्टमी होती. म्हणजे बंदी उठली ती बरोबर भांगावर. खोल जेटीतल्या नौका पहिल्याच दिवशी सुटणार, उथळ खाडीतल्या उधाणाची वाट बघणार, आणि पहिल्या आठवड्याचा भाव खोल बंदरवाल्यांच्या पदरात. जुन्या माणसांनी पौर्णिमाच का धरली याचं अर्धं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. नारळ वाहायचा त्या दिवशी भरती दुपारच्या सुमाराला येते, उधाणाची असते, उजेड असतो, आणि गावच्या सगळ्या होड्या एका पाण्यावर बाहेर पडू शकतात. पौर्णिमेचं हे काम अजूनही खरं आहे. ते होडी लोटण्याचं काम आहे, माशांच्या विणीचं नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. मासेमारी कधी सुरू होणार हे सूर्याच्या तारखेनं ठरवा, आणि होडी खाडीबाहेर कधी काढायची हे भरतीवर सोडा. बंदी संपण्याआधीच्या शेवटच्या उधाणावर नौका जाळी न चढवता, बर्फ न भरता, खाडीतून जेटीपर्यंत किंवा नांगरवाड्यापर्यंत आणायला लेखी परवानगी द्या. जाळी नाही, बर्फ नाही, म्हणजे मासेमारी नाही, तपासायला सोपं. बंदराच्या फलकावर त्या आठवड्याच्या भरतीच्या वेळा आणि उंची लावा, भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं त्यासाठीच छापली जातात. कोकण रेल्वेनं ही विभागणी कधीच करून ठेवली आहे. गाड्यांचा पावसाळी वेग तारखेवर ठरतो, 2025 साली तो 15 जून ते 20 ऑक्टोबर होता. गणपतीच्या जादा गाड्या तिथीवर सुटतात. कुणी म्हणत नाही की दरडी चतुर्थीपर्यंतच कोसळतील.

सूर्याचीच पट्टी हवी तर नक्षत्रं घ्या, असाही एक पर्याय सुचवला जातो. मिरग, तरणा, म्हातारा, आसळका हे सगळे सूर्यावरच चालतात, त्यांना अधिक मासाची बाधा नाही. मिरग कधी 7, कधी 8 जूनला लागतो, तो एका दिवसाचा हेलकावा लीप वर्षाच्या चौकडीचाच. शंभर वर्षांच्या हिशेबाला नक्षत्रं चालतील. त्याहून लांबच्या नाहीत, कारण ती ताऱ्यांना बांधलेली आहेत, ऋतूंना नाही, आणि पृथ्वीचा आस हळूहळू फिरत असल्यामुळे दर 72 वर्षांनी ती एक दिवस पुढे सरकतात. स्वामी विवेकानंद जन्मले त्या 1863 साली मकरसंक्रांत 12 जानेवारीला होती, आता ती 14 किंवा 15 ला येते. मिरगाचंही तेच, पाचशे वर्षांत आठवडाभर. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकातच सायन, म्हणजे ऋतूंना बांधलेल्या पंचांगाचा कैवार घेतला होता. त्यांचं तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही.

पंचांग सुधारण्यासाठी 1952 साली नेमलेल्या शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीनं शेवटी तेच केलं. राष्ट्रीय सौर पंचांगात चैत्र 22 मार्चला सुरू होतो, लीप वर्षी 21 ला, आणि तो जादा दिवस चैत्रातच भरून निघतो. त्यामुळे वैशाखापासून फेब्रुवारी संपेपर्यंत प्रत्येक तारीख ग्रेगरीच्या तारखेशी कायमची जुळलेली राहते. 1 जून म्हणजे नेहमी 11 ज्येष्ठ. 31 जुलै म्हणजे नेहमी 9 श्रावण. हे पंचांग आकाशवाणीच्या घोषणेत आणि सरकारी राजपत्राच्या मथळ्यावर उरलं आहे, बाकी कुणी त्याच्याकडे बघत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. कारण ज्यांना इंग्रजी तारीख खुपते आणि श्रावण हवा आहे, त्यांच्यासाठी हा न हलणारा श्रावण सरकारनंच छापून ठेवला आहे. बंदी 15 ऑगस्टपर्यंत न्यायची असेल, आणि माझ्या मते न्यावी, तर अधिसूचनेत ‘11 ज्येष्ठ ते 24 श्रावण’ असं लिहा. 76 दिवस. दरसाल 76 दिवस, अधिक असो नसो. वाढलेल्या पंधरा दिवसांची भरपाई किती आणि कुणाला, हे मात्र आधी ठरवा. खलाशाच्या उचलीचं व्याज तिथीनं थांबत नाही आणि तारखेनंही.

तोवर आहे त्या 31 जुलैवर पुढची वर्षं कशी पडतात ते बंदरांनी पाहून ठेवलेलं बरं. 1 ऑगस्ट 2026 ला आषाढ वद्य तृतीया आहे, पौर्णिमेचं उधाण ओसरायला लागलेलं, भरती दोन-सव्वादोनच्या सुमाराला, उथळ खाडीवाल्यांनी त्याच दिवशी निघालेलं बरं, कारण पुढचे चार-पाच दिवस पाणी उतरत जाणार. 2027 ला तो दिवस वद्य चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अमावास्या आणि सूर्यग्रहण. भरपूर पाणी, पण वाराही असेल, घाई नको. 2028 हे लीप वर्ष, 1 ऑगस्टला शुद्ध एकादशीच्या आसपास, भांगातून वर येणारं पाणी. तिथं चार दिवस थांबून पौर्णिमेच्या उधाणावर निघणाऱ्या होडीचा कणा शाबूत राहील, आणि त्या वर्षी ती पौर्णिमा नारळीच आहे.